भागाजी कोतवालाचं वय

दर नोव्हेंबरात मी कर्जतच्या बँकेत जातो आणि आपण अजून जिवंत आहोत असं लिहून देतो. आम्हा पेन्शनरांचा हा वार्षिक सोहळाच असतो. काउंटरपलीकडची मुलगी माझ्या नातीएवढी असेल. मला पाहिलं की ती आतून खुर्ची मागवते आणि म्हणते, "बसा आजोबा, फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त सही करा." मी बसतो. ती माझं वय विचारत नाही. ते तिच्याकडे छापलेलं असतं आणि ते खरं असतं.

सरकारी कागदावर मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक वय मात्र खोटं होतं. ते भागाजी गायकवाडांचं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. सांगताना मान वर ठेवता आली असती तर केव्हाच सांगून टाकली असती.

'भागाजी' आणि 'ते' हे मी आत्ता लिहितो आहे. कर्जतच्या कचेरीत आम्ही त्यांना "अरे भागा" म्हणत असू. मी बावीस वर्षांचा नवा कारकून, ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरीही "अरे भागा, पाणी आण रे." कोतवालाला अहो म्हणायची पद्धत नव्हती, एवढंच त्याचं कारण. पद्धत मोडायला कुणाची मंजुरी लागत नव्हती, पण आमच्यापैकी एकानेही ती मोडली नाही. आज कागदावर अहो-जाहो करून काही भरून येत नाही, हे मला कळतं.

कोतवाल म्हणजे महसूल खात्याच्या जिन्याची शेवटची पायरी. गावाचं टपाल तालुक्याला आणायचं, नोटिसा बजावायच्या, दवंडी पिटायची, साहेब गावात आले की पुढे धावायचं. भागाजींचं गाव कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. अंगाने वाळके, उंच, खाकी सदऱ्याची वरची गुंडी कायम तुटलेली आणि खांद्याला टपालाची पिशवी. एस.टी. चुकली तर ते कर्जतला चालत येत. पुष्कळदा मुद्दाम चुकवून चालत येत, कारण तिकिटाचे पैसे वाचत. कचेरीत शिरले की दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकून उभे राहत, आणि काम होईपर्यंत तसेच उभे असत. एकदा लोकांसाठी म्हणून व्हरांड्यात नवं बाकडं आलं. मी उदार होऊन म्हटलं, "बस रे भागा."

"नको भाऊसाहेब," ते म्हणाले, "बसल्या मान्साला लोक इसरतात. उभ्याला लवकर वाटंला लावतात."

आमच्या भागात तलाठ्याला आणि कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. मला ते फार आवडायचं.

छप्पन साली वस्तीबरोबर भागाजींनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वडिलांचं डफडं माळ्यावर टाकून दिलं, ते पुन्हा कधी काढलं नाही. पुढे कोतवाली मिळाली आणि दवंडी पिटायची वेळ आली, तेव्हा तलाठ्याने विचारलं, आता वाजवणार कशावर? भागाजींनी कशेळ्याच्या रेशन दुकानातून रॉकेलचा रिकामा चौकोनी डबा आणला आणि दोरी बांधून गळ्यात अडकवला. "डफडं बापाचं व्हतं, ते ठिवलं. ह्यो डबा सरकारी हाय. सरकारची खबर सरकारच्या डब्यावर." वीस वर्षं तो डबा वाजला. मार खाऊन खाऊन त्याच्या एका बाजूला वाटीएवढा खळगा पडला होता.

एकदा रॉकेलचे भाव वाढल्याची दवंडी द्यायची होती. भागाजींनी कशेळ्याच्या बाजारात उभं राहून डबा बडवला, नवा भाव सांगितला आणि शेवटी आपल्या पदरचं जोडलं, "ही खबर सरकारची हाय हो, माझी नाय हो!" बाजार हसला. तलाठ्याने माझ्याकडे तक्रार केली. मी भागाजींना दरडावून विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, भाव वाढवनारा मुंबैत बसतो, शिव्या मला पडतात. म्हनून ज्याचं त्याला देऊन टाकलं." दिवाळीला जादा साखर सुटल्याची दवंडी आली, तेव्हा मात्र त्यांनी ओरडून सांगितलं म्हणे, "ही खबर आपली हाय हो!"

आता ती कोतवाली त्यांना मिळाली कशी, ते सांगायला हवं.

वंशपरंपरेची वतनं गेली आणि गावोगाव पगारी कोतवाल नेमायचं ठरलं, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. उमेदवार चाळिशीच्या आतला हवा आणि त्याला निदान सही करता यावी, अशी अट होती. त्या गावातून एकटे भागाजी आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी फॉर्म भरू लागलो.

"वय?"

"पन्नाशीला टेकलो आसंन. वीजघराचं काम चाललं व्हतं तवा मी पाट्या टाकल्यात."

भिवपुरीचं वीजघर म्हणत होते ते. त्या कामाला किती वर्षं झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. मी म्हटलं, "पन्नास लिहिलं तर घरी जावं लागेल. पस्तीस लिहितो."

ते घुटमळले. "खोटं व्हईल नव्हं भाऊसाहेब?"

"अरे, तुला वय हवंय का नोकरी हवीय?"

ते हसले. "वय तर हायेच माझ्यापाशी. नोकरी नाय."

मी पस्तीस लिहिलं. त्यांनी सही केली. दीक्षेनंतर ते वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलाकडून सही शिकले होते. आधी त्यांनी वरची रेघ ओढली, चांगली लांब आणि सरळ, आणि मग तिला खाली एकेक अक्षर लावत गेले. मी म्हटलं, "उलटं करतोस रे." ते म्हणाले, "आदी दोरी बांधायाची, मंग कापडं वाळत घालायाची."

एका गरिबाचं भलं केलं म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. पण खरं सांगतो, भलं वगैरे काही नव्हतं. पन्नास लिहिलं असतं तर पुन्हा जाहीरनामा काढा, पुन्हा उमेदवार बोलवा, ही सगळी कटकट माझ्या गळ्यात आली असती. शनिवार होता आणि मला घरी, खालापूरला जाणारी एस.टी. गाठायची होती. ती मी गाठली.

त्यानंतर वीस वर्षं गेली. मी कर्जतच्या कचेरीतच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिलो. भागाजींचे केस पिकले, दात पडले, चाल मंदावली, आणि सरकारी कागदावर ते नुकते पंचावन्नचे झाले. त्याचं आम्हा दोघांनाही काही वाटत नव्हतं. कागदावरच्या वयाने कुणाचे गुडघे दुखत नाहीत.

मग निराधार म्हाताऱ्यांना दरमहा थोडं अनुदान द्यायची योजना आली आणि ते टेबल माझ्याकडे आलं. पासष्टच्या वरचा माणूस हवा आणि त्याला सांभाळणारं कुणी नसावं. सांभाळणारं कुणी नाही हे दिसायचं, पण वय कसं काढायचं? डोंगरातल्या वाड्यांवर कुणाचा जन्म कुठे लिहिला होता? त्या वेळचे तहसीलदार समजूतदार होते. ते म्हणाले, कोतवालाला घेऊन वाडीवर जा, चार लोकांसमोर विचारा आणि पंचनामा करा. म्हणून कचेरीची जीप निघाली. पुढे मी आणि ड्रायव्हर, मागे उभे भागाजी.

त्या दिवसांत मी भागाजींना पहिल्यांदा नीट पाहिलं असं म्हटलं पाहिजे. वय काढायची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. झोपडीच्या दारात हिरा नावाची म्हातारी बसली होती, एकटी, नवरा आणि मुलगा दोन्ही गेलेले. भागाजींनी तिला वय विचारलंच नाही. ते म्हणाले, "हिराबाय, वीजघराचं नळ डोंगरावर चढत व्हतं, तवा तू काय करत व्हतीस?"

"पाट्या टाकीत व्हते."

"मातीच्या का खडीच्या?"

"खडीच्या. तू नव्हतास काय रं माझ्याम्होरं रांगंत?"

भागाजी माझ्याकडे वळले. "खडीच्या पाटीला धाबारा वर्साच्या आतलं पोर घेत नव्हते. लिवा भाऊसाहेब, सत्तर."

मातीच्या पाट्या टाकल्या असतील तर ते दोन वर्षं कमी करत. आईची भाकरी घेऊन कामावर गेलेलं पोर असेल तर ते बरोबर पासष्टच्या उंबऱ्यावर. आणि त्या वेळी जे झाडाखालच्या झोळीत होतं, त्याला अनुदान नाही. त्यांची एक चुलतबहीण होती, नवरा टाकून गेलेला, सगळे हाल. तीही रांगेत येऊन बसली. भागाजींनी तिला सरळ उठवलं. "तू झोळीत व्हतीस गं. मीच झोका दिलाय तुला. आनखी चारपाच सालानं ये." ती त्यांना नाही नाही ते बोलली. ते मान खाली घालून ऐकत राहिले, पण वय वाढवलं नाही. ज्या माणसाची पंधरा वर्षं मी एस.टी.साठी खोडली होती, तो आपल्या बहिणीला चारपाच वर्षं चढवून द्यायला तयार नव्हता.

हिराच्या झोपडीवरून विजेच्या जाड तारा जात. ज्या वीजघरासाठी तिने दहाबारा वर्षांची असताना खडी वाहिली, त्याची वीज त्या तारांमधून मुंबईला जायची. खाली हिराच्या घरात रॉकेलची चिमणी. परतताना मी हे भागाजींना काहीतरी मोठं बोलल्यासारखं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तारंचं काय नाय भाऊसाहेब. रॉकेल येळंवर मिळालं म्हंजी झालं."

पहिलं अनुदान मनीऑर्डरने आलं तेव्हा हिराने पोस्टमनला घरात बसवून कोरा चहा पाजला म्हणे. भागाजी हे सांगायला मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले होते. "ही खबर आपली," ते म्हणाले.

पुढे दीडदोन वर्षांत वारं फिरलं. बाहेरच्या देशांनी तेलाचे भाव आणखी चढवले होते. एस.टी.च्या फेऱ्या कमी झाल्या, कशेळ्याच्या पुढची गाडी आठवड्यातून दोनदाच जाऊ लागली. आमच्या जीपचं पेट्रोल निम्म्यावर आलं. आणि वरून पत्र आलं की योजनेची यादी पुन्हा तपासा. तोंडी पुरावा चालणार नाही. सरकारी दप्तरात वय असेल तर तेच धरा, नसेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरचा दाखला मागा.

नवे तहसीलदार आले होते. त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि समजावून सांगितलं की तिजोरीवर ताण आहे, खर्च आवरायला हवा. मग हसत म्हणाले, "काय करणार? तेल संपत चाललंय आणि म्हातारे संपत नाहीत." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो, कारण अव्वल कारकुनाच्या बढतीसाठी माझं नाव त्यांच्याकडून जायचं होतं. हसता हसता माझं लक्ष दाराकडे गेलं. भागाजी चौकटीला खांदा टेकून उभे होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, तेलाचा आन् म्हाताऱ्यांचा काय संबंध वो?"

मी पेपर वाचणारा माणूस. मी त्यांना समजावलं. तेल परदेशातून विकत घ्यावं लागतं. त्याचा सगळा भाव लोकांवर टाकला तर एस.टी., रेशन, सगळंच कोसळेल, म्हणून काही भार सरकार स्वतः उचलतं. पण तिजोरी एकच. इकडे जास्त गेलं की तिकडे हात आखडावा लागतो. त्यात माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, म्हणजे मागणारेही वाढले.

भागाजींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी हिराला रॉकेल सस्त मिळावं म्हनून सरकार पैसं घालनार. आन् ते पैसं काढनार कुठनं, तर हिराच्या मनिआडरीतनं."

"तसंच काही नाही," मी म्हटलं. तसंच होतं.

"आन् तुमचं काय व्हनार भाऊसाहेब?"

"माझं काय?"

"तुमचा पगार?"

मी सांगितलं, आम्हाला महागाई भत्ता असतो. भाव चढले की भत्ताही चढतो. ते ऐकून त्यांचा चेहरा खरोखर उजळला. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "कुनाचं तरी वाढाया पायजे."

जीपला पेट्रोल नाही, म्हणून वाडीवर जाऊन तपासायचा प्रश्नच मिटला. मी टेबलावर बसून तपासलं. ज्याचा कागद नाही त्याच्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने फुली. पंचनामे त्याच फायलीत होते, खाली भागाजींच्या रेघ ओढून केलेल्या सह्या होत्या. मी ते उलटून पुढे जात होतो. फुल्या मारताना हात थांबला असं मी सांगू शकत नाही. तो थांबला नाही.

हिराचा पैसा बंद झाला. भागाजी तिला घेऊन कचेरीत आले. एस.टी. नव्हती म्हणून निम्मा रस्ता चालत आणि निम्मा भाताच्या टेंपोत बसून. म्हातारी टेबलाची कड धरून उभी राहिली. भागाजी म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी सोता आल्ता हिच्या दारात. तुमीच सत्तर लिवलंय."

"ते खरं रे, पण आता अलिबागच्या डॉक्टरचा दाखला लागतो."

"ही कशेळ्यापतूर येताना तीनदा बसली. अलिबागंला कशी जायाची?"

मी फाइल उघडली, मिटली आणि म्हटलं, "बघतो."

भागाजींनी हिराचा हात धरला. "चल गं. भाऊसाहेब बघतो म्हनले."

"मंग थांबूया का हितंच?" तिने आशेने विचारलं.

"नाय. बघतो म्हंजी घरी जायाचं."

हे त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, चिडून नव्हे, तिला कचेरीची रीत कळावी म्हणून. शेजारच्या टेबलावरचा कारकून खो खो हसला. मीही हसलो. संध्याकाळी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, आमचा भागा काय अफलातून बोलतो म्हणून.

त्यानंतरच्या पावसाळ्यात भागाजींचे गुडघे गेले. ओढ्यात पाय घसरून पडण्याचं निमित्त झालं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कशेळे-कर्जत किती वर्षं चालावं? त्यांनी कोतवाली सोडली. कोतवालाला पेन्शन नसे. बायको आधीच वारली होती, एकच मुलगी, ती लोधिवलीला दिलेली, तिच्या घरी खाणारी तोंडं आठ. भागाजींनी निराधाराच्या अनुदानासाठी अर्ज केला. साक्षीदार म्हणून हिराचा अंगठा होता, आणि सही तीच, आधी रेघ आणि मग अक्षरं.

अर्ज माझ्याकडेच आला. यायला दुसरं टेबलच नव्हतं.

वाडीवरच्या म्हाताऱ्यांकडे कागद नव्हता. भागाजींकडे होता. त्या साऱ्या डोंगरातल्या माणसांची वयं ज्याच्या शब्दावर ठरली, त्या एकाच माणसाचं वय सरकारी दप्तरात पक्क्या शाईने लिहिलेलं होतं. मी सेवापुस्तक काढलं. अक्षर माझंच, तरुणपणीचं, वळणदार. त्यानुसार भागाजींना पासष्ट व्हायला अजून आठेक वर्षं होती.

उपाय नव्हता असं नाही. मी दोन ओळी लिहायच्या होत्या, की नेमणुकीच्या वेळी वय माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं, प्रत्यक्षात हा माणूस सत्तरीच्या पुढचा आहे. त्यावर चौकशी झाली असती. बढती गेली असती, कदाचित माझ्या पेन्शनलाही धक्का लागला असता. मी आठ दिवस तो अर्ज खणात ठेवला. आठ दिवस मी स्वतःला पटवत होतो की मी गप्प बसतोय ते भागाचंच भलं म्हणून. खोटं वय उघड झालं तर त्याच्याकडून वीस वर्षांचा पगार वसूल करतील, म्हातारपणी त्याला त्रास कशाला? माणूस स्वतःला फसवायला लागला की किती दयाळू होतो! नवव्या दिवशी मी लिहिलं, "दप्तरी नोंदीनुसार वय कमी. अपात्र." आणि सही केली.

पंधरा दिवसांनी भागाजी आले. काठी टेकत आले आणि सवयीने दाराच्या चौकटीपाशी उभे राहिले. मी डोकं वर केलं नाही. शेजारच्या कारकुनानेच विचारलं, "काय रे भागा?"

"अर्जाचं इचाराया आलो व्हतो."

त्याने फाइल ओढली, सेवापुस्तकाचं पान पाहिलं, मग भागाजींकडे पाहिलं. तोंडात दात नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. "अरे, सत्तावन्न? हे वय लिहिलं कुणी?"

मी तीन हातांवर बसलो होतो. अक्षर माझं आहे हे त्याने नीट पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. भागाजींनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. मी टाचणीच्या डबीतल्या टाचण्या सारख्या करत होतो.

"कोन जाने सायेब," ते म्हणाले. "मीच सांगितलं आसंल."

"मग आता कसं करायचं?"

"कागद बराबरच आसंल," भागाजी म्हणाले. "मीच चुकून म्हातारा झालो."

सगळी खोली हसली. हसवण्यासाठीच त्यांनी ते म्हटलं होतं, म्हणजे कुणी त्या पानाकडे दुसऱ्यांदा पाहू नये. वीस वर्षांपूर्वी 'खोटं व्हईल नव्हं?' असं विचारणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी ते बोलू दिलं. ते काठी टेकत बाहेर गेले. उठून त्यांच्यामागे व्हरांड्यापर्यंत जायला मला फार तर पंधरा पावलं पडली असती. ती लाज अजून गेलेली नाही. ती जावी असं मला आता वाटतही नाही.

बढती मिळाली. खालापूरला बदलीही मिळाली, म्हणजे घरचं जेवण. तेलाचे भाव पुढेही वाढत राहिले आणि माझा भत्ताही. भागाजींना निदान थोडे पैसे पाठवावेत असं अनेकदा मनात आलं. पण पैसे पाठवायचे म्हणजे कशाबद्दल ते कबूल करायचं, म्हणून दर महिन्याला पुढचा महिना उजाडायचा.

त्यांना मी एकदाच आणखी पाहिलं. निवडणूक होती आणि त्या कामासाठी मला खालापूरहून पुन्हा कर्जत तालुक्यात धाडलं होतं. निवडणुकीच्या जीपला पेट्रोल कमी पडत नसे. कशेळ्यात बाजारपेठेच्या वळणावर समोरून एस.टी. मागे घेत होते, म्हणून आमची जीप थांबली ती नेमकी रेशन दुकानापुढे. रॉकेलची रांग होती. माणसांनी आपापल्या जागी बाटल्या ठेवल्या होत्या आणि स्वतः सावलीत गेली होती. उन्हात दोघंच होती. हिरा जमिनीवर बसली होती, आणि तिच्या बाजूला एका पालथ्या डब्यावर भागाजी. डबा मी ओळखला. वाटीएवढा खळगा होता.

भागाजींना माणूस दिसला नसावा, आधी जीप दिसली असावी. सरकारी जीप बघून ते उठू लागले. एक हात भिंतीला, एक काठीवर, आधी एक गुडघा सरळ केला, मग बराच वेळ थांबून दुसरा. मी आत बसून ते सगळं पाहत होतो. उठू नका, असं ओरडायला हवं होतं. दार उघडून खाली उतरायला हवं होतं. माझ्या मांडीवर मतदार याद्यांचा गठ्ठा होता, तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

उभे राहिल्यावर त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं. "जय भीम, भाऊसाहेब."

मी मान हलवली.

मला वाटलं, आता ते बोलतील. मला वाटलं, बोलावं त्यांनी, चार माणसांसमोर बोलावं. ते काठीवर भार देऊन जीपच्या बाजूला थोडे वाकले.

"भाऊसाहेब, हिराचं काय झालं काय वो?"

स्वतःचं नाहीच विचारलं. समोरची एस.टी. वळली होती आणि ड्रायव्हरने गिअर टाकला. मी म्हटलं, "बघतो."

ऐकलं त्यांनी. मान डोलावली. मग हिराकडे वळून, तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, म्हणाले, "भाऊसाहेब बघतो म्हनले गं."

जीप निघाली. वळण येईपर्यंत मी आरशात पाहत होतो. हिराने आपली रिकामी बाटली मांडीवर घेतली होती आणि भागाजी अजून उभेच होते.